476 कुठून आलं?

शाळेत राज्याच्या चाचण्या असतात: वर्षाच्या सुरुवातीला मागचं किती येतं हे बघणारी पायाभूत, मग सत्रांच्या शेवटी संकलित एक आणि दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. पेपर तपासून प्रश्ननिहाय गुण ऑनलाइन भरले की काम संपलं, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही.

यंदा पायाभूतनंतर उजळणी घेताना फळ्यावर 502 वजा 178 दिलं, उत्तर 324. तीन-चार वह्यांत मात्र 476. पोरांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केला होता, वर असो की खाली. एका मुलीचं उत्तर 334, म्हणजे हातचा घेतला, पण मधल्या शून्याशी गडबडली. चाचणीत असतं, तर ऑनलाइन दोन्ही उत्तरांना शून्यच गुण! उपाय मात्र वेगळे. पहिल्यांना दशकाचे गठ्ठे सुटे करून दाखवावे लागले, तिला शंभराची नोट मोडून.

चाचणी हवीच, तिच्याशिवाय हे मागे पडणं उशिरा कळलं असतं. पण गुण भरायच्या मुदतीइतकाच वेळ चुका वाचायलाही द्या ना! संकलित एकच्या आधी मी तरी आठवडाभर फक्त वजाबाकीच घेणार आहे.