नवा मिशनरी मुंबईत उतरला की

पहिलं काम कागदांचं. मिशनरी व्हिसा वेगळा असतो. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, ऑनलाइन नोंदणी. उतरल्या घरानेही २४ तासांत त्याची माहिती भरायची. घोळ पत्त्याच्या पुराव्यात होतो: वीजबिल ट्रस्टच्या नावाचं, पत्र फादरांच्या सहीचं, आणि दोन्हींत इमारतीचं नाव निरनिराळं. आधीच जुळवून घ्या.

मग भाषा. 'बांद्र्यात इंग्रजीवर भागतं' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. वसई, गोराई, उत्तनला मराठीच लागते. व्याकरणाआधी कान तयार करा: 'चार'मधला च तालव्य ('च्य'सारखा), 'चाक'मधला दंत्य ('त्स'सारखा), 'जेवण' आणि 'जागा' यांतही तोच फरक. लिपीत तो दिसत नाही, म्हणून नुसतं वाचून शिकणारा हमखास चुकतो. 'ळ'साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकवायचं आणि झटकन सोडायचं. 'नळ', 'बाळ', 'सकाळ' रोज दहादा.

वसईला सकाळी लोकलने जायचं तर गर्दी उलट दिशेला असते, बसायला मिळतं. संध्याकाळी मात्र तीच गर्दी विरारकडे परतते, तेव्हा बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टच्या वाटेला जाऊच नये!