एकोणिसावा पोरगा

20 डिसेंबर 2023, बुधवार. सकाळी सव्वाआठला आईचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात तिसरी कॉफी ओतून घेत होतो. कोल्हापुरात जेवायची वेळ झाली होती.

"आज मॅच हाय व्हय रे?"

"मॅच नाही आई. आज पोरं सह्या करणार आहेत."

"सह्या? मग तू काय करालायस पहाटेपासनं?"

प्रश्न रास्त होता. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रात एमएस करत होतो आणि तासाच्या पगारावर तिथल्या फुटबॉल विभागाच्या भरती कार्यालयात आकडे सांभाळत होतो. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या नावाच्या आरोळ्यांत वाढलेल्या माणसाला याला फुटबॉल म्हणायचीच मुळात लाज वाटते, पण पगार पगार असतो.

तर, सह्या. बारावीतली पोरं कुठल्या कॉलेजकडून खेळणार ते या दिवशी कागदावर पक्कं करतात. पूर्वी हे सगळं फेब्रुवारीत व्हायचं. 2017 पासून डिसेंबरातही सह्या करता येऊ लागल्या आणि बहुतेक जण आता तेव्हाच उरकतात. एका कॉलेजने त्या वर्षी घेतलेली सगळी पोरं मिळून एक 'क्लास'. त्या क्लासला देशभरात क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर देणगीदारांपासून न्हाव्यापर्यंत सगळे भांडतात.

क्रमांक देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या, पद्धतीही वेगळ्या. आमच्या ऑफिसात सगळ्यांचं लक्ष असायचं ते 247 स्पोर्ट्स या वेबसाइटच्या कॉम्पोझिटवर. वेगवेगळ्या संस्थांनी दिलेलं मानांकन एकत्र करून प्रत्येक पोराला एकच आकडा द्यायचा, आणि मग क्लासची बेरीज करायची. पण बेरीज साधी नाही. साधी केली तर तीस सुमार पोरं भरणारा पंधरा चांगल्या पोरांवाल्याच्या पुढे जाईल. म्हणून घंटेच्या आकाराचा वक्र लावतात. क्लासमधल्या सगळ्यात चांगल्या पोराचं वजन, म्हणजे त्याच्या आकड्याचा बेरजेत धरायचा वाटा, पूर्ण, त्याच्याखालच्याचं किंचित कमी, असं उतरत जायचं. हे वजन किती झपाट्याने उतरायचं, ते सिग्मा ठरवतो. आणि सिग्मा म्हणजे सगळ्या संघांकडे किती किती पोरं आहेत, त्या संख्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप. म्हणजे आमच्या पोरांचं वजन इतरांनी किती पोरं घेतली यावर ठरणार! मुलाखतीत हे ऐकून मला हसू आलं होतं. त्या दिवशी नाही आलं.

आम्हाला दिवसभर स्वतःचा अंदाज हवा असायचा, म्हणून याच धर्तीवर मी एक तक्ता बनवला होता. सकाळी नऊला त्यात सिग्मा 9 आला. दहाव्या पोराचं वजन 61 टक्के, एकोणिसाव्याचं साडेतेरा. आमच्याकडे अठरा जण होते आणि तक्ता आम्हाला 47 वा क्रमांक देत होता. भरतीप्रमुख खूश होऊन मोठ्या फळ्यावर 47 लिहून गेले.

एकोणिसावा अजून यायचा होता. ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे समोरच्यांना अडवून धरणाऱ्या फळीतला पोरगा, मक्याच्या शेतांमधल्या एका खेड्यातला, उंची साडेसहा फुटांच्या आसपास. उन्हाळ्यात शेतावर काम करायचा, त्यामुळे परीक्षक जिथे पोरं बघतात त्या शिबिरांना कधी गेलाच नाही. आकडा शंभरपैकी 84, आमच्यातला सगळ्यात कमी. पण लाइनचे कोच चौदा महिने त्याच्यामागे होते. त्याच्या घरच्या कुत्र्याचं नावही त्यांना पाठ होतं.

"हा आला तर किती फरक पडेल?" प्रमुखांनी विचारलं.

"अकरा गुण. एक जागा वर, कोच." मी ठोकून दिलं.

दुपारी दीडच्या सुमारास तक्ता ताजा केला आणि 47 चे 51 झाले. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. प्रमुख माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "कोण फुटला?"

"कोणीच नाही."

"मग चार जागा खाल्ल्या कुणी?"

मला घाम फुटला. तासभर सूत्रं उसवत बसलो. शेवटी शेजारी बसणारी मुलगी सहज म्हणाली, "मी जेवायच्या आधी संघांची यादी साफ केली. तुझ्या यादीत खालच्या गटातली कॉलेजंही होती." वरच्या गटात त्या वर्षी 133 संघ होते. माझ्या यादीत त्याच्या दीडपट. खालच्या गटातल्या अनेकांपुढे दोन-तीनच नावं, त्यामुळे संख्यांचा पसारा वाढला आणि सिग्मा फुगला. सिग्मा फुगला की वजन सावकाश उतरतं, आणि आमच्यासारख्या लांब शेपटीच्या क्लासचं फावतं. खरा सिग्मा 7 होता. दहाव्याचं वजन 44 टक्क्यांवर आलं. मोजकी पण चांगली पोरं घेतलेले चार संघ आमच्या डोक्यावरून गेले. जायलाच हवे होते. सकाळी ते चुकून खाली होते.

चूक माझी होती आणि मी ती सांगितली. प्रमुख काही बोलले नाहीत. फळ्याजवळ गेले आणि बाहीने 47 पुसलं. शिव्या परवडल्या असत्या.

लाइनचे कोच मात्र मिश्किल हसत होते. "टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा क्लास 2022 मध्ये देशात पहिला होता," ते म्हणाले. "त्या हंगामात किती मॅच जिंकले?"

"पाच," मी म्हणालो. "हरले सात."

"मग तुझ्या तक्त्याला म्हणावं, जरा दमाने घे."

साडेचारला एकोणिसाव्याचा कागद आला. सही शाळकरी, आडनावाचं शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं. कोचनी तिथेच त्याच्या आईला फोन लावला आणि मोठमोठ्याने बोलत बाहेर गेले. मी ओळ भरली. 84 गुणिले 3.67 टक्के. पावणेआठशेच्या आसपासच्या बेरजेत जेमतेम तीनची भर. क्रमांक 51 चा 51 च.

आत येताना कोचनी विचारलं, "किती वर गेलो?"

"तुम्हाला खरंच ऐकायचंय, कोच?"

"नको," ते म्हणाले, आणि फळ्यावरच्या पुसलेल्या जागेत त्यांनी त्याचं नाव लिहिलं.