शेजारी कोण होतं

ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका पर्समधून शिलाईचे पैसे काढता काढता विचारतात, "ताई, तुमचा सगळ्यात आवडता पिक्चर कुठला हो?" दोष माझाच आहे. मशीनवर बसले की मोबाइलवर जुनी गाणी चालू असतात आणि माप घेताना माझं तोंडही चालू असतं. मग मी प्रत्येकीला वेगळं नाव सांगते. परवा एकीनं पकडलंच. "मागच्या दिवाळीला तर दुसराच सांगितला होतात!" आता तुम्हीही विचारलंत, तर एकदा नीट सांगून टाकते.

आधी एक कबुली. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून या गावात मान नाटकाला. इथं राहून 'मला सिनेमा जास्त आवडतो' म्हणायचं म्हणजे भडंगाच्या गावात येऊन पोह्यांचा चिवडा मागायचा. माझे सासरे म्हणायचे, "सिनेमात काय, नट चुकला तरी कापून टाकता येतं." मी मान हलवायची आणि मॅटिनीला जायची.

माझ्याकडे व्हीसीडींचं एक कपाट होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही मशीन माळ्यावर चढवलं, गिऱ्हाइकांची कापडं गाठोड्यात बांधली आणि विश्रामबागला नणंदेकडे गेलो. सिनेमे खालच्या खणात राहिले. पाणी ओसरल्यावर चकत्या धुऊन दोरीखाली ओळीनं मांडल्या, तर वरचा रुपेरी पापुद्राच सुटून हातात यायला लागला. शेजारीण म्हणाली, "यातला कुठला गेल्याचं जास्त वाईट वाटतंय?" नावं आठवायला गेले, तर प्रत्येक नावाबरोबर आठवलं ते शेजारी बसलेलं माणूस.

पहिली आजी. वडील, म्हणजे आण्णा, जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. गाळप संपलं की मैदानात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे, आणि तोही बहुतेक देवाधर्माचा. पोती अंथरून बसायचं. एका वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' आला, १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. आजी माळकरी. मला वाटलं, ही आता सिनेमाभर तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांना हात जोडून बसणार. सुरुवातीला बसलीही. पण पडद्यावर आवली आली आणि आजीनं पक्ष बदलला. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंगात बुडालेला. ती बाई पायातलं हातात घेते आणि देवळात विठोबालाच जाब विचारायला निघते. आजी पुटपुटली, "मार. एक माझ्या वाटणीची पण मार." जन्मभर वारी केलेली बाई!

शेवटी वैकुंठाचं विमान तुकोबांना घेऊन वर निघालं. सगळं मैदान वर बघत होतं. आजी म्हणाली, "हे गेले. आता तिचं कोण बघणार?"

पुढं कळलं, की हा सिनेमा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम सिनेमांत धरला गेला. त्यातलं 'आधी बीज एकले' लोक गाथेत शोधतात, ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, हेही पुढंच कळलं. पण आजीनं जे दाखवलं ते कुठं वाचायला मिळालं नाही. त्या सिनेमात भक्ती तुकोबांची असली तरी घर आवलीचं आहे. गौरी नावाच्या नटीनं ती केली. तिचं लुगडं बघा कधीतरी. म्हशीमागं राबणारी बाई नेसेल तसं ते नेसलेलं आहे. हल्ली शंभर वर्षांपूर्वीच्या काळातली बाई दाखवतात आणि तिच्या अंगात चोळी असते प्रिन्सेस कटची. मी शिवणारी बाई आहे, मला दुसरं काही दिसतच नाही मग.

दुसरा सिनेमा 'सामना'. इथं जरा वेळ लागेल, मशीन बंद करते.

आण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा वहीत मांडायचा, स्लिप फाडून गाडीवानाच्या हातात द्यायची. हंगामात रात्रपाळी करून आले की अंगाला मळीचा वास. घरात कमी बोलायचे. सिनेमाचा त्यांना नाद नव्हता. तरी मी दहावी झाले त्या सुट्टीत म्हणाले, "चल, सांगलीला निळू फुल्यांचा पिक्चर लागलाय." आईला घेतलं नाही, धाकटा आजारी होता. दुपारचा खेळ, निम्मं थिएटर रिकामं. ते थिएटरही आता नाही.

जब्बार पटेलांचा तो पहिला सिनेमा, लिहिला विजय तेंडुलकरांनी, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत: निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा गावाचा धनी, साखर कारखाना त्याच्या मुठीत. एक दारुडा, हरलेला मास्तर गावात येऊन पडतो, पाटील त्याला गंमत म्हणून घरी ठेवून घेतो, आणि मास्तर एकच प्रश्न धरून बसतो. मारुती कांबळेचं काय झालं? बस. श्रीराम लागूंचा मास्तर तो प्रश्न कधी हसत विचारतो, कधी नशेत, कधी अगदी सहज, आणि पाटलाच्या वाड्याला तडे जात राहतात.

मला तेव्हा निम्मं कळलं नाही. मी आण्णांकडे बघत होते. पडद्यावर कारखाना दिसला की ते खुर्चीत पुढं सरकायचे. निळू फुले झोपाळ्यावर, खुर्चीवर जिथं कुठं बसायचे तिथं आण्णांचे दोन्ही हात मांड्यांवर जायचे, आपोआप, साहेब समोर असल्यासारखे. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' लागलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

येताना सायकलवर मी मागं बसलेले. आयर्विन पुलावर ते उतरले, सायकल कठड्याला टेकवली. म्हणाले, "बसतो बरोबर तो. आमचे साहेब असेच बसतात." मग पाण्याकडे बघत, "लोकांना वाटतं काटा आम्ही चालवतो. मी फक्त आकडा लिहितो गं." घरी गेल्यावर आईनं विचारलं, "कसा होता?" म्हणाले, "बरा होता." त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, निवृत्तीनंतरसुद्धा नाही. काटा मारणं म्हणजे काय, कुणाच्या सांगण्यावरून किती किलो कुठं जातात, हे मला लग्नानंतर एका ऊसवाल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. तेव्हा पुलावरचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

लोकांना वाटतं लागूंचा सिनेमा म्हटला की मी 'पिंजरा' सांगणार. लागू जन्मानं साताऱ्याचे, म्हणजे शेजारचेच. आणि व्ही. शांतारामांच्या १९७२ च्या त्या सिनेमात खेबुडकरांची गाणी अशी आहेत की मी अख्खी लग्नसराई त्यांच्यावर ब्लाऊज शिवू शकते. पण माझा जीव त्यात अडकत नाही. दोन्हीकडे लागू मास्तरच आहेत आणि दोन्हीकडे निळूभाऊही आहेत, म्हणून तुलना होतेच. 'पिंजरा'त मास्तर पडतो आणि म्हणून गोष्ट संपते. 'सामना'त मास्तर पडलेलाच येतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. मला हा दुसरा मास्तर पटतो. शांतारामबापूंचे चाहते रागावतील, रागावू देत. त्यांनी दुसरीकडे ब्लाऊज शिवून घ्यावेत.

तिसरा सांगितला की बायका हसतात. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि सासरच्या घरात माणसं मावत नव्हती, म्हणून आम्ही दोघं मिरजेत खोली शोधत होतो. महिना हिंडलो. एकीकडे आडनाव विचारलं, एकीकडे ताटात काय असतं ते विचारलं, एका आजोबांनी तर लग्नाचा फोटो मागितला. त्या वैतागात हे म्हणाले, चला, सिनेमा बघून येऊ. 'धनंजय माने इथेच राहतात का?' आलं आणि थिएटर कोसळलं. आमचे हे इतके हसले की ठसका लागला, पाणी शोधावं लागलं. बाहेर आल्यावर चहा पिताना एकदम गप्प झाले. "पुढच्या खोलीला मीच साडी नेसून जातो," म्हणाले.

तो सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि नावावरूनच पटलं. लोक त्यातले विनोद पाठ म्हणतात, पण चार धडधाकट पुरुषांना डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून त्यातल्या दोघांना लुगडं नेसावं लागतं ही मुळात काही हसायची गोष्ट नाही. लक्ष्मीकांत, अशोक सराफ, सचिन यांनी ती हसायची केली. आम्हाला खोली मिळाली, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. संडास बाहेर होता.

चौथा 'फँड्री', २०१४ च्या फेब्रुवारीत, मल्टिप्लेक्समध्ये, लेकाबरोबर. नागराज मंजुळ्यांचं नाव तेव्हा मी ऐकलं नव्हतं. त्यात जब्या या दलित शाळकरी पोराचं घर गावाची टिंगल सोसत डुक्कर पकडायला धावतंय, डुक्कर हातात येणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते सगळे जागच्या जागी उभे राहतात. आता गंमत अशी, की सिनेमाच्या आधी आम्ही सगळे राष्ट्रगीताला उभे राहून बसलो होतो. हे दुसरं लागल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ अर्धे उठले, इकडंतिकडं बघितलं आणि तसेच वाकून राहिले. उठावं की बसावं कळेना त्यांना. कुणीतरी हसलं. माझा लेक हसला नाही. शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या रोखानं आला तेव्हा त्यानं खरोखर मान बाजूला घेतली. घरी येऊन म्हणाला, "आई, आमच्या वर्गात एकाला आम्ही असंच चिडवायचो." नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कुणाला तरी फोन लावत होता, लागत नव्हता.

तर असं आहे. म्हणून मी दर वेळी वेगळं नाव सांगते. समोर कोण उभी आहे त्यावर ठरतं. नव्या नवरीला 'बनवाबनवी' सांगते. सासूचं ऐकून आलेलीला आवली.

व्हीसीडी गेल्या त्याचं लेकाला माझ्यापेक्षा जास्त लागलं. मागच्या वर्षी त्यानं घरच्या टीव्हीला काहीतरी जोडून 'सामना' लावून दिला. आण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. आई आली होती राहायला, एक्याऐंशीची, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. जपमाळ ओढत शेजारी बसली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पुलावरचंही कधी सांगितलं नव्हतं. हिंदुराव पाटील पहिल्यांदा ऐसपैस बसले आणि आईची माळ थांबली.

"हे तर आपले साहेब," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तू आणि आण्णा बघून आला होतात तो हाच का गं?"

"हाच."

"बरा होता म्हणाले होते," आई म्हणाली, आणि माळ खाली ठेवून टीव्हीच्या जरा जवळ सरकली.