गोडी छाटणीची वही

१६ ऑक्टोबर (दिवस शून्य)

आज द्राक्षबागेच्या खालच्या प्लॉटला कात्री लागली, म्हणजे फळासाठीची गोडी छाटणी झाली. आता पुढचे चार महिने घरात तारखेला किंमत नाही. छाटणीपासून बाग कितव्या दिवसावर आहे, एवढंच जो तो विचारणार. औषधाच्या दुकानात, मुकादमाच्या फोनवर, व्यापाऱ्यासमोर, सगळीकडे हाच आकडा चालतो.

निफाडकडच्या बागायतदाराचा वर्षातला सगळ्यांत महागडा निर्णय म्हणजे हा शून्य दिवस ठरवणं. सप्टेंबरात छाटली तर माल जानेवारीत निघतो आणि भाव सापडतो, पण परतीचा पाऊस बागेला नेमका कोवळ्या फुटीत किंवा फुलोऱ्यात गाठतो. नोव्हेंबरात छाटली तर पाऊस टळतो. मात्र थंडीने काडीवरचे डोळे मागेपुढे फुटतात आणि माल मार्चच्या गर्दीत बाजारात पडतो. सटाणा-बागलाणकडचे लोक तर जुलै-ऑगस्टमध्येच छाटतात. त्यांना दर मिळतो तो त्या धाडसाचा. मधला ऑक्टोबर बऱ्यापैकी सुरक्षित, म्हणूनच तो सगळ्यांना हवा असतो आणि त्या पंधरवड्यात मजूर मिळत नाहीत.

घरची बाग असेल तर ती एका तारखेला छाटू नये, हे माझं ठाम मत आहे. दोन प्लॉटमध्ये निदान पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवावं. फवारणीचा एकच ब्लोअर, एकच ट्रॅक्टर आणि घरची तीन-चार माणसं असताना सगळी बाग एकाच दिवशी फुलोऱ्यात आली, की फवारणी कुठे तरी चुकतेच. शिवाय एक गारपीट किंवा एक अवकाळी दोन्ही प्लॉटला एकाच अवस्थेत सापडत नाही.

छाटणीची रीत ठरलेली आहे. पानगळ दहा-बारा दिवस आधी केलेली असावी, म्हणजे डोळे फुगायला लागतात. सबकेन केलेली (शेंडा मारून बगलफुटीतून वाढवलेली) काडी गाठीवर एक-दोन डोळे राखून कापायची, सरळ काडी सहा ते आठ डोळ्यांवर. पण त्याआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घ्यावेत. घड कितव्या डोळ्यात आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. सातव्या डोळ्यात घड असताना पाचव्यावर कात्री मारली, तर बागेत नुसता पाला उरतो.

१७ ऑक्टोबर (दिवस १)

पेस्ट लावणं आजच उरकायचं, कारण छाटणीपासून ४८ तासांच्या आत डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड हे डोळे फोडणारं औषध बसलं पाहिजे. सहा-आठ मिलिमीटरच्या काडीला लिटरला ३० मिली, आठ-दहाच्या काडीला ४० मिली. त्याहून जाड काडी एकदा लावून फुटत नाही, तिला दोनदा लावावं लागतं. शेंड्याकडचे दोन-तीन डोळेच चोळायचे. द्रावणात थोडा रंग टाकतात, म्हणजे कोणती काडी राहिली ते लांबूनही दिसतं.

हे औषध अंगावर घेण्यासारखं नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांना चष्मा. आणि मुकादमाला आदल्या दिवशीच बजावायचं, की पेस्ट लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर दारूला शिवायचं नाही. या रसायनावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. दरवर्षी कुणी तरी हे हसण्यावारी नेतं.

उद्या बुरशीसाठी एक टक्का बोर्डो: शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. विळ्याचं घासलेलं पातं त्यात मिनिटभर बुडवावं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. असं द्रावण फवारलं तर फूट भाजते.

३१ ऑक्टोबर (दिवस १५)

पाच पानांवर बाग आली, घड डोळ्यांना दिसू लागले. आता फेलफुटी काढायच्या. ज्या फुटीला घड नाही ती वेलीचं अन्न खाते आणि हवा अडवते. काही मोजक्या फुटी मात्र सावलीसाठी ठेवाव्यात.

याच आठवड्यात घड जिरतात. दोन-तीन दिवस ढगाळ हवा, जमिनीत ओल आणि बागेत नत्र जास्त असलं, की फूट जोरात पळते आणि घडाची बाळी होते, म्हणजे घडाच्या जागी नुसता तणावा उरतो. सकाळी शेंडा पाहावा. तो वाकडा, लांब आणि पोपटी चकचकीत दिसला तर पाणी तोडायचं, नत्र पूर्ण बंद करायचं आणि शेंडा मारायचा. संजीवकांची फवारणी बरेच जण करतात, पण पाणी चालू ठेवून वरून औषध मारण्यात अर्थ नसतो. पुष्कळदा खरं कारण एप्रिल-मेमध्येच घडून गेलेलं असतं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

८ नोव्हेंबर (दिवस २३)

घडाला पोपटी रंग आला. जीएची (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची) पहिली फवारणी १० पीपीएमची (दहा लाखात दहा भाग), चार-पाच दिवसांनी दुसरी १५ ची. हिशेब सोपा आहे, १०० लिटरला एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी ती ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यायची. विहिरीचं पाणी आमच्याकडे बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी असतं. त्यात जीए टिकत नाही, म्हणून सायट्रिक ॲसिड टाकून सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या दरम्यान आणायचा. सामू मोजायच्या दोन पट्ट्यांचा खर्च वाचवायला सामू न पाहता फवारणी केली, की घड लांबत नाही, मणी एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पुढे विरळणीला दुप्पट मजुरी जाते.

२६ नोव्हेंबर (दिवस ४१)

फुलोरा. बागेत वास पसरलाय. हा आठवडा झोपेचा नाही.

२०२३ साली याच तारखेला निफाड तालुक्यात गारपीट झाली आणि उभ्या बागा झोडपल्या गेल्या. २०१९ चं दुखणं वेगळं होतं. क्यार वादळाच्या वेळी पाऊस हटेना आणि फुटीवर, घडांवर डाऊनी हा बुरशीचा रोग उतरला. औषध होतं, पण काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुतत होता, ब्लोअर बागेत न्यायचा कसा? डाऊनी वाट पाहत नाही. पानावर तेलकट पिवळा डाग, उलट्या बाजूला पांढरी बुरशी, आणि हीच बुरशी घडाच्या देठावर आली की घड कुजून गळतो. म्हणून ओळींमध्ये गवत ठेवणं किंवा मुरूम टाकून ट्रॅक्टरची वाट पक्की करणं, हा मला फवारणीच्या वेळापत्रकाइतकाच महत्त्वाचा खर्च वाटतो. ते जमत नसेल तर निदान पाठीवरचे पंप आणि लांब पाइपची गन तयार असावी.

पहाटे दव पडतंय. दव सुकल्याशिवाय फवारणी करायची नाही, औषध पाण्याबरोबर ओघळून खाली जातं.

४ डिसेंबर (दिवस ४९)

मणी ३-४ मिलिमीटरचा झाला, पहिलं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. ४० पीपीएम जीए. दुसरं मणी ६-७ मिलिमीटरचा झाल्यावर, ३० पीपीएमचं. घड मगात पूर्ण बुडवायचा, बाहेर काढल्यावर देठाला हलका झटका द्यायचा. हा झटका विसरला की खालच्या मण्यांच्या टोकाला थेंब लटकून सुकतो आणि तिथे डाग पडतो. टोळीतल्या नव्या मुलींना हे पहिल्या वेलीवर हात धरून दाखवावं लागतं, नंतर हात आपोआप चालतो. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या टोळ्यांतल्या जुन्या बायकांना मात्र सांगायची सोय नाही, त्या उलट आपल्यालाच मगातलं पाणी कधी बदलायचं ते सांगतात.

विरळणी यासोबतच. घडाला आठ-दहा पाकळ्या (बाजूच्या फांद्या) ठेवायच्या, शेंडा खुडायचा, मणी शंभर-सव्वाशेच्या आसपास. आणि आता वेलीवर किती घड ठेवायचे, यावर घरोघरी वाद होतो. साधं गणित असं, की ९ बाय ५ फुटांवर एकरात ९६८ वेली बसतात. वेलीला ३० घड आणि घड साडेतीनशे ग्रॅमचा धरला, तर एकरी १० टन होतात. निर्यातीचा माल करायचा तर इथे थांबावं. थोरली पिढी ४५ घड सोडून देते, तोडायला हात धजत नाही. मग मणी १६ मिलिमीटरवर अडकतो, गोडी उशिरा भरते आणि वेल पुढच्या वर्षी सूड घेते.

९ जानेवारी (दिवस ८५)

मण्यात पाणी फिरायला लागलं, म्हणजे मणी मऊ व्हायला लागला. पेपर लावणं आधीच उरकलेलं असलं पाहिजे. थॉमसन आणि तास-ए-गणेश या वाणांत दिवसा ऊन, रात्री कडाका असा फरक वाढला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. खायला तो मणी चांगलाच लागतो, पण व्यापारी घड बाजूला काढतो. त्यावर उपाय म्हणजे जुनं वर्तमानपत्र घडाभोवती गुंडाळून स्टेपल मारणं. रद्दीचा भाव निफाड-पिंपळगावात या दिवसांत चढतो.

पारा पाच-सहा अंशांवर आला की पहाटे बांधाला शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सुरू करायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. या टप्प्यावर पाण्यात खंड पाडून मग एकदम भरपूर दिलं, की मणी तडकतो. थोडं आणि रोज द्यावं.

११ फेब्रुवारी (दिवस ११८)

गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बाग फिरून झाली. एकाच मण्यावर विसंबू नये. घडाच्या खांद्याचा मणी गोड आणि शेंड्याचा आंबट असतो, म्हणून खांदा, मध्य आणि शेंडा अशा तिन्ही ठिकाणचे मणी घेऊन सरासरी काढायची. १६ ब्रिक्सच्या (गोडीचं माप) खाली कात्री लावू नये, निर्यातवाले १८ आणि मणी १८ मिलिमीटरचा मागतात. तोडणी सकाळच्या गारव्यातच. घड देठाला धरायचा, मण्यावरची पांढरट मेणचट लव पुसली गेली की माल शिळा दिसतो. दुपारपर्यंत क्रेट शीतगृहात जायला हवेत.

सौद्याबद्दल दोन ओळी. दर तोंडी ठरतो, पैसे मात्र "गाडी पोचल्यावर" मिळतात. पहिल्या गाडीचे पैसे आल्याशिवाय तिसरी गाडी भरू देऊ नये, मग व्यापारी कितीही ओळखीचा असो. वजनकाटा आपला, पावती सहीची, आणि किलोमागे किती तूट धरणार हे कात्री लावण्याआधीच कागदावर. पैसे घेऊन परागंदा झालेल्यांच्या मागे फिरणारे बागायतदार दर हंगामात दिसतात.

मालातल्या औषधांच्या उर्वरित अंशाचा तपासणी अहवाल ही दुसरी गोष्ट. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. हे रसायन, आमच्या भाषेत सीसीसी, बहुतेकांनी फळावर मारलंच नव्हतं. ते एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटीचा जोर रोखायला वापरलं होतं आणि वेलीच्या अंगात राहून फळात उतरलं. तेव्हापासून मी एप्रिलची फवारणीही याच वहीत, औषधाच्या बॅच नंबरासकट लिहितो.

१८ मार्च

माल निघून बाग मोकळी झाली. वेलीला आता निदान पंधरा-वीस दिवस विश्रांती द्यायची. माल गेला म्हणून पाणी बंद करणारे लोक आहेत. हे चूक आहे, कारण खोडात आणि ओलांड्यात (तारेवरच्या आडव्या फांदीत) अन्नसाठा याच दिवसांत होतो.

खरड छाटणीत काडी एका डोळ्यावर कापायची. पुढे साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीतल्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि त्यासाठी पानांवर आणि डोळ्यांवर स्वच्छ ऊन लागतं. २०२५ मध्ये मेमध्येच पाऊस सुरू झाला आणि आभाळ उघडेना. त्या वेळी ज्यांच्या काड्या नेमक्या या टप्प्यात होत्या, त्यांना ऑक्टोबरात फुटी भरपूर आणि घड विरळ मिळाले. ३१ ऑक्टोबरला म्हटलं होतं ते कारण हेच. यावर औषध नाही. फार तर फुटींची गर्दी लवकर विरळ करावी, नत्र हात राखून द्यावं आणि छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याच्या पुढे ढकलू नये, म्हणजे पावसाआधी ऊन पदरात पडतं.

खरड छाटणीसाठी १० एप्रिल धरली आहे. त्याआधी बोदांवर शेणखत टाकायचंय, ठिबकच्या लॅटरल ॲसिडने धुवायच्यात आणि वरच्या प्लॉटमधल्या गंजलेल्या तारा बदलायच्यात. मुकादमाला उचल अजून दिलेली नाही.