साडेपाच तासांचा फरक

द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत तासगाव तालुक्यातले एक कृषी सेवा केंद्राचे मालक सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात मला शोधत आले. (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.) त्यांच्या हातात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस होती, म्हणजे अटक नाही, पण चौकशीला हजर राहणे भाग. एका आरोग्य सेविकेला बनावट नावाच्या खात्यावरून ‘फोटो गावभर करू’ अशा धमक्या आल्या होत्या आणि त्या खात्यामागचा माणूस म्हणून तपासात यांचे नाव निघाले होते.

“साहेब, मी त्या बाईंना ओळखतसुद्धा नाही. आणि नोटीस द्यायला पोलीस आले तेव्हा दुकानात आठ-दहा गिऱ्हाईक उभं होतं,” ते म्हणाले.

टोपणनावाने लिहिणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. धमकी देणे हा गुन्हा आहे, आणि ती नाव लपवून दिली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) प्रमाणे मूळ शिक्षेच्या जोडीला दोन वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो. ही तरतूद मोबाईल आल्यावर सुचलेली नव्हे. १८६० च्या दंड संहितेत ती कलम ५०७ म्हणून होतीच. तेव्हा निनावी पत्राच्या हस्ताक्षरावरून आणि टपालाच्या शिक्क्यावरून माणूस शोधत, आता आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून शोधतात. आणि आमचे घोडे नेमके तेथेच अडले होते.

ठरल्या दिवशी पक्षकाराला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तपास अधिकारी सभ्य होते. “तुम्हीच बघा,” म्हणत त्यांनी समाजमाध्यम कंपनीकडून आलेल्या नोंदीची प्रत पुढे सरकवली. धमकीच्या संदेशासमोर १७:१० अशी वेळ होती, त्यावरून मोबाईल कंपनीकडे ‘सायंकाळी ५:१० वाजता हा पत्ता कोणाकडे होता’ अशी विचारणा झाली होती आणि उत्तरादाखल आमच्या पक्षकारांचा क्रमांक आला होता. फिर्यादीने दिलेल्या स्क्रीनशॉटवर मात्र त्याच संदेशाची वेळ रात्री १०:४० होती. नोंदीच्या वरच्या ओळीत बारीक टायपात ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असे छापले होते. ती वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १७:१० मध्ये साडेपाच तास मिळवले की बरोबर रात्रीचे १०:४० होतात. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आकड्यांवर बोट ठेवले. साहेबांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि शिपायाला चहा सांगितला.

पाच दहाला पक्षकार काय करत होते, तेही त्यांच्या फोनमध्ये सापडले. एका बागायतदाराने द्राक्षाच्या पानाचे दोन फोटो पाठवले होते, वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी, आणि यांनी डाऊनी या बुरशीजन्य रोगावरच्या औषधाचे प्रमाण लिहून कळवले होते.

वेळ चुकली नसती तरी एवढ्यावर नाव पक्के धरणे धोक्याचेच होते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत, त्यामुळे मोबाईल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यातला नेमका ग्राहक ओळखायचा तर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. विचारणेच्या पत्रात पोर्टचा उल्लेखच नव्हता.

दुरुस्त पत्र गेले. या वेळी जे सिमकार्ड निघाले ते एका आजींच्या नावावर होते आणि वापरत होता त्यांचा नातू. त्याच्याकडे चौकशी झाली तेव्हा कळले की ते खाते चार मित्र मिळून चालवत होते. पासवर्ड चौघांकडे, पण धमकी लिहिली कोणी असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. माझ्या मते खऱ्या अर्थाने निनावी काही असेल तर ते हे होते. सिमवरून नाव निघते. चौघांनी संगनमताने एकमेकांच्या आड लपायचे ठरवले की नुसत्या नावाने भागत नाही. न्याय संहितेतले समान इराद्याचे कलम ३(५) अशाच प्रसंगासाठी आहे, मात्र इरादा सामाईक होता हे पुराव्याने दाखवावे लागते. पोलिसांनी चौघांचे जबाब वेगवेगळे घेतले, फोन जप्त करून तपासणीला पाठवले आणि यथावकाश चौघांवर दोषारोपपत्र दाखल केले. कोणाचा वाटा किती, ते न्यायालय ठरवील.

माझ्या पक्षकारांची अडचण मात्र येथे संपली नाही. चौघे आपापले नाव झाकून महिनोन्महिने लिहीत राहिले आणि ज्याने काही केले नाही त्याचे नाव चावडीवर गेले. आपला यात संबंध नाही असा कागद त्यांना हवा होता. तसा दाखला देण्याची पद्धत नाही, असे तपास अधिकाऱ्यांनी नम्रपणे सांगितले. ज्या पोलीस खात्याने दुकानात येऊन नोटीस बजावली त्याने चार ओळी लिहून द्यायला हरकत नसावी, असे मला आजही वाटते.

शेवटी न्यायालयाच्या परवानगीने मी त्यांना दोषारोपपत्राची नक्कल मिळवून दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या चाळली आणि म्हणाले, “साहेब, यात माझं नाव नाही हे बघायला एवढी पानं गावात कोण वाचणार? नोटीस मात्र सगळ्यांनी बघितली.”