मन ढळतं तेव्हा श्वास आधी सांगतो

पतंजलींच्या योगसूत्रांतला माझा सगळ्यात जवळचा भाग कुठला असं कुणी विचारलं तर मी समाधीची वर्णनं नाही सांगणार, पहिल्या पादातली, म्हणजे पहिल्या प्रकरणातली, ३० ते ३९ ही दहा सूत्रं सांगेन. कारण इथे पतंजली आपल्यासारख्या माणसांशी बोलतात, ज्यांचं मन ठिकाणावर नाही अशांशी. आधी अडथळे कुठले ते सांगतात, मग ते आल्याची लक्षणं आणि मग उपाय, तेसुद्धा एक नाही, भरपूर.

अडथळ्यांना ते अंतराय म्हणतात आणि ते नऊ आहेत. व्याधी म्हणजे आजारपण, स्त्यान म्हणजे मन जड होऊन बसणं, मग संशय, प्रमाद म्हणजे साधनेची हेळसांड, आळस, अविरती म्हणजे विषयांची ओढ न सुटणं, भ्रांतिदर्शन म्हणजे भलतंच काहीतरी खरं वाटणं, आणि शेवटचे दोन मला फार खरे वाटतात, एक म्हणजे खटपट करूनही पायरी न गाठता येणं आणि दुसरा म्हणजे गाठलेली पायरी हातातून सुटणं. म्हणजे बघा, नियमित साधना करणाऱ्या माणसाचंही घसरणं त्यांनी यादीत धरलंय. योग करतेस ना मग तुला राग कसा येतो, असं जे लोक विचारतात त्यांना मी हे सूत्र सांगते.

पण खरी कमाल पुढच्या, ३१ व्या सूत्रात आहे. मन विखुरलं की त्याच्यासोबत चार गोष्टी येतात असं ते म्हणतात, दुःख, मनाची खिन्नता, अंगाला कंप आणि श्वास-प्रश्वास, म्हणजे श्वासाची लय बिघडणं. दोन मनातल्या आणि दोन शरीरातल्या. मनातलं दुःख आपल्याला उशिरा कळतं, बऱ्याचदा भांडण होऊन गेल्यावर कळतं, पण शरीरातल्या दोन खुणा लगेच हाताला लागतात, लक्ष द्यायची सवय असेल तर. आणि ती सवय आसनांनी लागते, असं माझं पक्कं मत झालंय.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. माझी आई सध्या माझ्याकडे असते, तिला विस्मरणाचा आजार आहे. दिवसा ठीक असते, सांभाळायला मावशी येतात, मी शाळेतून आले की चहा वगैरे होतो, जुनी गाणी लावली की गुणगुणतेसुद्धा. पण रात्री तिला वेळेचं आणि जागेचं भान राहत नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती उठून बसते, पदर नीट करते, पिशवी शोधते आणि म्हणते, "चल गं, मला घरी सोड, आई वाट बघत असेल." आईची आई जाऊन किती वर्षं झाली. तिला समजावून काही उपयोग नसतो, "अगं हेच घर आहे" म्हटलं की ती जास्त घाबरते. अशा वेळी माझ्या आत काय होतं ते मला आता ओळखू येतं. आधी दात आवळले जातात, जीभ टाळूला चिकटते, मग श्वास वरच्या वर छातीत अडकतो, खाली पोटापर्यंत जातच नाही, आणि आवाज चढायच्या आधीचा तो एक क्षण असतो. तो क्षण सापडला तर पुढचं सगळं बदलतं. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसते, तिचा हात हातात घेते आणि फक्त श्वास सोडते, लांब, सावकाश, अगदी तळापर्यंत. घ्यायचं बघतच नाही, तो आपोआप येतो. असं काही वेळा केलं की माझे खांदे खाली येतात, आणि गंमत म्हणजे आईच्या हाताची पकडही सैल होते. मग मी विचारते, "आई, तुझ्या घरी अंगणात काय काय होतं गं?" आणि ती पारिजातकाचं, विहिरीचं सांगत सांगत आडवी होते. रोज असंच होतं असं नाही, पण बऱ्याचदा होतं.

हा उपायसुद्धा त्याच दहा सूत्रांत आहे, ३४ वं सूत्र, प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य. श्वास बाहेर सोडणं आणि तो थोडा बाहेर रोखणं, यानेही चित्त प्रसन्न होतं. मी रोखण्याच्या भानगडीत रात्री पडत नाही, सोडणं पुरतं. यामागचं शरीरशास्त्र आता बऱ्यापैकी माहिती आहे, श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, कारण मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस सोडताना जास्त काम करते, त्यामुळे उच्छ्वास लांबवला की शरीराला धोका टळल्याचा निरोप मिळतो. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात हेच आहे, चले वाते चलं चित्तम्, वायू हलला की चित्त हलतं आणि तो स्थिर झाला की चित्तही स्थिर.

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टी प्रयोगशाळेत तपासून बघायचं काम किती लवकर सुरू झालं याचा मला खरंच अभिमान वाटतो. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिकही काढलं, ज्यात उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरात दाब किती बदलतो, एक्स-रे मध्ये काय दिसतं हे छापलं जायचं. त्याआधी ते खानदेशात अमळनेरला शिकवत होते. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला वाटलं की योग्याचा अनुभव आणि यंत्राचं मोजमाप एकमेकांसमोर ठेवून बघावं, ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार. १९३७ मध्ये जेमतेम अठरा वर्षांचा, लहानपणापासून आजारांनी पिचलेला मुलगा गुरूंच्या सांगण्यावरून पुण्यात शिकवायला येतो आणि इथलाच होऊन जातो, १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत पत्नीच्या नावाने संस्था उभी राहते. मी तिथे शिकलेले नाही, पण आमच्या क्लासच्या ताई त्याच पद्धतीने शिकवतात, त्यामुळे लोड, पट्टे, लाकडी विटा, घडी घातलेली ब्लँकेट, खुर्ची हे सगळं आमच्याकडे असतं. नवीन आलेल्यांना कधीकधी वाटतं की हे म्हाताऱ्यांसाठी आहे. तसं नाहीये. छातीखाली लोड आडवा की उभा, ब्लँकेटची घडी मानेखाली किती जाड, यावर श्वास कुठे पोचतो हे ठरतं. शवासनात ताई कधीकधी डोळ्यांवरून मऊ क्रेप बँडेज गुंडाळतात, घट्ट नाही, नुसता स्पर्श होईल इतकं, आणि तेव्हा कळतं की डोळे मिटलेले असूनही बुबुळं आत केवढी धावत होती. ती थांबली की कपाळ सैल होतं, मग जबडा, मग जीभ. रात्री आईजवळ बसल्यावर मला जीभ टाळूला चिकटलेली कळते ना, ती इथे शिकल्यामुळे कळते. स्थिरसुखमासनम् म्हणजे नुसतं न हलता बसणं नव्हे, पुढचंच सूत्र सांगतं की प्रयत्न सैल करायचाय, आणि त्याच्या पुढचं सांगतं की मग द्वंद्वांचा मार बसत नाही. थंडी-ऊन, मान-अपमान ही द्वंद्वं. म्हणजे सहन करून करून दगड व्हायचं नाहीये, पकड सोडायला शिकायचंय.

फक्त एक कळकळीने सांगते, व्हिडिओ बघून कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, करू नका. ब्लड प्रेशर असलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर अजिबातच नाही. हठप्रदीपिकाच बजावते की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण वश करायचा, घाई केली तर तो साधकालाच मारतो. लांब उच्छ्वास मात्र कुणीही करावा, जमेल तेवढाच, दम न लागता.

आता ३३ वं सूत्र, ज्याच्याशिवाय माझ्या मते आसन-प्राणायामाला अर्थच नाही. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याला बघून आनंद, आणि वाईट वागणाऱ्यापासून मन काढून घेणं. सगळ्यांत मिळून चित्त प्रसन्न होतं म्हणे. लोकांना वाटतं यातली करुणा अवघड असेल. मला नाही वाटत, आई समोर बसलेली असताना करुणा येतेच. अवघड आहे पहिली. घरात आजारपण आहे, रजा संपत आल्यात आणि नातेवाईकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कुणीतरी बर्फातले फोटो टाकतं, तेव्हा त्यांच्या सुखाला आपलं म्हणणं, "छान दिसताय गं सगळे" हे मनापासून लिहिणं, ही साधना आहे. पतंजलींनी सुखी माणूस यादीत पहिला का ठेवला असेल याचा मी विचार करते, आणि मला वाटतं की दुसऱ्याचं सुख आपल्याला जेवढं आतून पोखरतं तेवढं दुसऱ्याचं दुःख पोखरत नाही, म्हणून.

मुदिता सोपी आहे, आमच्या शेजारच्या काकू दर गुरुवारी आईजवळ बसून पोथी वाचतात, त्यांना बघूनच बरं वाटतं. आणि चौथी गोष्ट त्या दूरच्या नातेवाइकांसाठी, जे फोनवर "तुम्ही तिला नीट औषधं देत नसाल" असं म्हणतात. त्यांना उत्तर द्यायची मनात तयारी करत बसलं की दोन दिवस जातात, भांडी घासताना भांडण, रिक्षात भांडण. तिथे श्वास सोडायचा आणि मन उचलून दुसरीकडे ठेवायचं, आणि औषधांची वही रोज लिहायची कारण ते आपलं काम आहे.

मला या दहा सूत्रांचं आणखी एक आवडतं की पतंजली कुठलीही जबरदस्ती करत नाहीत. हे करा, किंवा ते करा, किंवा स्वप्नात-झोपेत जे ज्ञान मिळालं त्याचा आधार घ्या, किंवा ज्याचं मन आसक्तीतून सुटलंय अशा माणसाकडे चित्त लावा, आणि शेवटी सरळ म्हणतात, तुम्हाला जे प्रिय असेल त्याचं ध्यान करा. माझी मैत्रीण नियमाने विठ्ठलाचं रूप आठवत बसते, तिला प्राणायाम जमत नाही, तिचं काही अडलेलं नाही. हठप्रदीपिकेत तर योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टींत अति खाणं, अति कष्ट, बडबड यांच्यासोबत नियमाग्रहसुद्धा आहे, म्हणजे नियमांना कवटाळून बसणं. पहाटे उठून केलं तरच योग असा हट्ट धरला असता तर रात्री जागणाऱ्या बाईचा योग कधीच सुटला असता. मी दुपारी शाळेतून आल्यावर करते, भिंतीला पाय लावून, कमरेखाली लोड घेऊन विपरीत करणी, आणि मग शवासन. काही दिवस तेवढंच होतं. पण होतं. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने, या तीन अटी सूत्रात आहेत, पहाटेची अट नाही.

आणि झोपेबद्दल बोललंच पाहिजे. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहार-विहाराच्या जोडीला युक्त झोप आणि युक्त जागरण आहे, आणि ज्ञानोबा माउली त्यावर म्हणतात की बोलावं मोजकं, चालावं मोजकं आणि झोपेलाही वेळेवर मान द्यावा. झोपेला मान! घरच्या आजारपणात बायका हा मान सगळ्यात आधी काढून घेतात स्वतःचा, आणि मग शवासनाने भरपाई होईल असं समजतात, ती होत नाही. शवासन म्हणजे झोप नव्हे, योगनिद्रासुद्धा झोप नव्हे. थकलेल्या शरीरात समत्व उतरत नाही, कितीही सूत्रं पाठ असली तरी. म्हणून धाकट्या भावाला मी स्पष्ट सांगितलं की शनिवारची रात्र तुझी. तो येतो, त्याला मी लांब श्वास सोडायचं शिकवलंय आणि अंगणाचा, विहिरीचा विषयही सांगून ठेवलाय, आणि मी आतल्या खोलीत दार लावून सकाळपर्यंत झोपते.