मॅग्नेटवरचा रंग खरवडण्याआधी

जुन्या स्पीकरच्या मागे आकाशी, शेवाळी किंवा लाल रंग दिसला की पहिला संशय भंगारवाल्यावर जातो. कित्येकदा तो रंग कारखान्यातूनच आलेला असतो आणि स्पीकर ओळखायला त्याचीच मदत होते. म्हणून पॉलिश पेपर नंतर, आधी नीट बघणं.

टॅनॉय या ब्रिटिश कंपनीच्या ड्युअल कॉन्सेंट्रिक स्पीकरमध्ये तर रंग हेच मॉडेलचं नाव: मॉनिटर ब्लॅक, सिल्व्हर, रेड, गोल्ड. 12 आणि 15 इंची रेड 15 ओहमचे, 1967 मध्ये आलेले गोल्ड 8 ओहमचे. लालावर सोनेरी मारलेला माल मल्टिमीटरने पकडता येतो. क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वाटून देणारं सर्किट) सोडवून वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या भागाच्या, कॉइलचं डीसी रेझिस्टन्स मोजा. ते छापील ओहमच्या साधारण 65 ते 80 टक्के भरतं, म्हणजे 8 ओहमला सहाच्या आसपास आणि 15 ओहमला दहाच्या पुढेमागे.

सेलेस्टियन कंपनीचा निळा हा अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट) मॅग्नेटच्या आवरणावर मारलेला रंग आहे. त्याच कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरचा हिरवा मात्र रंग नव्हे, ती सिरॅमिक मॅग्नेटवर बसवलेली प्लास्टिकची टोपी. ती काळी आणि क्रीमही यायची, शिवाय बदलता येते. तेव्हा टोपीवर विश्वास न ठेवता 'टी'ने सुरू होणारा नंबर वाचावा. अल्टेकचा करडा-हिरवा आणि जेबीएलच्या डी130चा करडा हेही कारखान्याचेच. बास्केटवर, म्हणजे स्पीकरच्या धातूच्या सांगाड्यावर, पिवळट-सोनेरी, इंद्रधनुषी झाक असेल तर तो रंग नाही, झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंगवरचं पॅसिव्हेशन (रासायनिक संरक्षक थर) आहे. कॅडमियमची भुकटी विषारी असते, त्यामुळे ते घासायचं नाहीच. जुन्या लाल, नारिंगी, हिरव्या रंगांत शिसंही असू शकतं, म्हणून कोरडं घासकाम टाळावं.

नंतर मारलेला रंग ओळखायला टर्मिनलच्या पट्टीकडे आणि कोनकडे (आवाज काढणाऱ्या पडद्याकडे) जाणाऱ्या लवचिक तारांकडे बघा. तिथे उडालेले थेंब दिसले तर रंग जोडणीनंतरचा, आणि बहुधा घरचाच. गॅस्केटखाली (कडेच्या पॅकिंगखाली) आणि स्क्रूच्या भोकांच्या आत वेगळा रंग सापडला तर मूळ तोच धरावा. कापसाच्या काडीवर थिनरचा एक थेंब घेऊन न दिसणाऱ्या जागी टेकवा. भट्टीत भाजलेला इनॅमल सहसा जागचा हलत नाही, घरी मारलेला स्प्रे लगेच चिकट होतो. स्टिकर किंवा शाईचा शिक्का असेल तिकडे थिनर नेऊ नका. अमेरिकन स्पीकरच्या कडेवरचा कोडच कारखाना आणि तयार झाल्याचं वर्ष सांगतो: 220ने सुरू झाला तर जेन्सन, 137 असेल तर सीटीएस. हा शिक्का एकदा पुसला की स्पीकरचं वय गेलं.

ठाणे शहरात खरा शत्रू गंज. खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे रंगाला टवका गेला की उघड्या पत्र्यावर तांबूस डाग पडायला वेळ लागत नाही. डाग वरवरचा असेल तर कोरडा ब्रश, किंचित ओलं फडकं आणि वर गाडीच्या पेस्ट वॅक्सचा पातळ हात पुरतो. वायर ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको. लोखंडाचा कीस मॅग्नेट ओढून घेतं, तो गॅपमध्ये (कॉइल हलते त्या फटीत) शिरतो आणि कॉइल खरखरायला लागते. मॅग्नेट खोलून रंगवायचा विचार तर सोडूनच द्या. अल्निकोचा चुंबकीय परिपथ उघडला की ताकद उतरते आणि मॅग्नेट पुन्हा चार्ज (चुंबकित) करून घ्यावं लागतं.

रंगवणं टळतच नसेल तर ते दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. पावसाळ्यात नायट्रोसेल्युलोज लॅकर पांढुरकं पडतं, कारण उडणारं थिनर पृष्ठभाग गार करतं आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. करड्या हॅमरटोनसाठी (ठोकलेल्या पत्र्यासारखी नक्षी उठणारा रंग) 200 मिलीचा डबा दोन 15 इंची स्पीकरच्या मागच्या बाजूला पुरतो, जांभळी नाक्याच्या हार्डवेअरवाल्यांकडे विचारून बघा. कोन बसलेला असेल तर स्प्रे नको, ब्रशच बरा, आणि बास्केटच्या खिडक्या आतून पुठ्ठ्याने बंद करा. हॅमरटोनचा एकच भरगच्च हात मारायचा, कारण पातळ थरावर ठोक्यांची नक्षी उठतच नाही. पण उभ्या बाजूवर तोच भरगच्च हात ओघळतो, म्हणून रंग सेट होईपर्यंत स्पीकर थोड्या थोड्या वेळाने फिरवत राहावा. डबा तळापासून ढवळा, अॅल्युमिनियमची पूड खाली बसते. या रंगात सहसा सिलिकॉन असतं, तेव्हा ब्रश वेगळा ठेवा. तोच ब्रश दुसऱ्या इनॅमलला लावलात की तो इनॅमल जागोजागी फाटून खळगे पडतात.

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याला पावडर कोटिंग स्वस्तात होतं हे खरं, पण तिथे फक्त सुटी, रिकामी बास्केट द्यावी. भट्टी 180 ते 200 अंशांची असते, कोन आणि कॉइलचा गोंद तिथे टिकत नाही. बास्केट ओतीव अॅल्युमिनियमची असेल तर ते आधीच सांगा, नाहीतर पत्र्यासाठीच्या अॅसिडच्या टाकीत तीही बुडते. स्पायडरची (कॉइलला मधोमध धरणाऱ्या पडदीची) बैठक आणि मॅग्नेट टेकतो ती जागा उष्णता सहन करणाऱ्या टेपने झाकून घ्या. पावडरचा थर 60 ते 80 मायक्रॉनचा, तोही सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे मॅग्नेट तिरका बसला की कॉइल घासते. शिवाय त्या गुळगुळीत थरावर गोंद नीट धरत नाही.

घरी ब्रशने रंगवलेला स्पीकर आठवडाभर तसाच राहू द्या आणि मगच गॅस्केट लावून पेटीत कसा. वरून कोरडा वाटला तरी आत कच्चा असतो, गॅस्केट त्याला चिकटतं आणि पुढच्या वेळी स्पीकर काढताना रंगासकट निघतं.